प्रश्न तुमचे : तिसऱ्या फाइलीत अडकलेला वाचक

या वेळच्या टपालात एकाच दुखण्याची पत्रं जास्त आहेत. दुसऱ्याने लिहिलेलं पायथनचं मॉड्यूल हातात आलंय, सोबत माहितीपत्रक नाही, असलंच तर दीड ओळीचं. म्हणून हा महिना त्यालाच देते. नेहमीप्रमाणे आज्ञांची नावं इथे देवनागरीत छापली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करा.

ताई, आमच्या प्रकल्पातली एक सहकारी दुसरीकडे गेली आणि तिचं मॉड्यूल माझ्या गळ्यात पडलं. १४ फाइली, जवळपास ३,००० ओळी. रीडमीत एकच वाक्य आहे : ‘वापरासाठी एक्झाम्पल्स फोल्डर पाहा.’ ते फोल्डरच नाही. मला फक्त उपकरणांच्या नोंदी वाचून तासातासाची सरासरी काढायची आहे. पहिल्या फाइलीपासून वाचायला बसतो, तिसरीत पोहोचेपर्यंत पहिलीतलं विसरतो. ‘डिर’ लावून मॉड्यूलमधल्या नावांची यादी काढली तर ६० नावं येतात. सुरुवात कुठून करू?
— तिसऱ्या फाइलीत अडकलेला

आधी वाचणं थांबवा. फोल्डरमध्ये फाइली लागतात त्या वर्णक्रमाने. तुमच्या सहकारीने त्या क्रमाने विचार केला नव्हता, लिहिल्या तर मुळीच नव्हत्या. वर्णक्रमाने कोड वाचणं म्हणजे शब्दकोश वाचून भाषा शिकणं.

मॉड्यूलला प्रश्न विचारायचे असतात. कसे, ते तुमच्या ३,००० ओळींवर शिकण्याआधी एका छोट्या मॉड्यूलवर शिका. ते प्रत्येक पायथनसोबत येतं, त्याचं नाव ‘धिस’. त्यात एकही डॉकस्ट्रिंग (कोडातच लिहिलेलं माहितीपत्रक) नाही, एकही टिप्पणी नाही. टर्मिनलमध्ये पायथन सुरू करा आणि ‘इम्पोर्ट धिस’ म्हणा. टिम पीटर्स यांनी लिहिलेली पायथनची तत्त्वं पडद्यावर येतात. ती बहुतेकांना माहीत असतात, पाहून हसून लोक पुढे जातात. तुम्ही जाऊ नका. पुन्हा ‘इम्पोर्ट धिस’ म्हणा. आता काहीच छापलं जात नाही. का? मॉड्यूलमधला कोड पहिल्या इम्पोर्टला एकदाच चालतो. नंतर पायथन आपल्या साठ्यातली तीच वस्तू परत देतो. हे एवढं कळलं तरी ‘फाइल बदलली पण फरकच पडत नाही’ या तक्रारीतल्या निम्म्या तक्रारी मिटतात.

आता ‘डिर(धिस)’ करा. दुहेरी अंडरस्कोरवाली नेहमीची मंडळी सोडली तर चारच नावं उरतात : सी, डी, आय, एस. या नावांवरून काहीही कळत नाही, आणि तेच आपल्याला हवंय. एकेकाचा ‘टाइप’ विचारा. एस ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर आहे. छापून पाहा, अगम्य अक्षरं दिसतात, पण ओळींची लांबी मघाच्या तत्त्वांसारखीच आहे. डी हा डिक्शनरी, म्हणजे जोड्यांचा कोश. त्याची लांबी ५२. इथे थांबा आणि ५२ म्हणजे काय असेल याचा अंदाज करा. २६ मोठी अक्षरं, २६ लहान. डीला मोठा ‘ए’ विचारा, तो ‘एन’ देतो. ‘एन’ विचारा, ‘ए’ देतो. म्हणजे १३ घरं सरकवणं. राहिले सी आणि आय. सीची किंमत ९७, आयची २५. ९७ हा लहान ‘ए’चा अक्षरक्रमांक, आणि ० पासून मोजत गेलं तर २६ अक्षरांतलं शेवटचं २५वं. म्हणजे लिहिणाऱ्याने एकात एक असे दोन लूप चालवले आणि झाडलोट न करता निघून गेला. हा त्याचा कचरा.

आत्ता सोर्स, म्हणजे मूळ कोड उघडा. ‘इन्स्पेक्ट’ मॉड्यूलमधल्या ‘गेटसोर्स’ला ‘धिस’ द्या. जे दिसेल ते तुम्हाला आधीच माहीत असेल, आणि तरीही एखादी गोष्ट नवी निघेलच. माझ्या बाबतीत ती अशी होती : शेवटच्या ओळीत लिस्ट बनवताना सी हेच नाव पुन्हा वापरलंय, मग सी ९७ कसा राहिला? कारण पायथन ३ मध्ये असं आतलं नाव बाहेर सांडत नाही. पायथन २ मध्ये सांडायचं, आणि तिथे सीची किंमत निघायची उद्गारचिन्ह, म्हणजे मजकुराचं शेवटचं अक्षर. चार निरर्थक नावांनी भाषेच्या दोन आवृत्त्यांमधला फरक सांगून टाकला. (‘वाचनीयतेला महत्त्व आहे’ असं सांगणारा मजकूर इतक्या अवाचनीय कोडात ठेवणं हा विनोद आहे, चूक नव्हे. तुमच्या सहकारीचा विनोद करायचा इरादा नसावा.)

आता तुमच्या मॉड्यूलकडे वळू.

इम्पोर्ट केल्यावर पहिला प्रश्न : ‘तू राहतोस कुठे?’ मॉड्यूलच्या नावापुढे टिंब देऊन दुहेरी अंडरस्कोरमधलं ‘फाइल’ विचारा. हसू नका. एकदा मी अख्खी दुपार एका फाइलीत छापण्याच्या ओळी घालत बसले होते, एकही उमटेना. पायथन साइट-पॅकेजेसमधली, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसच्या फोल्डरमधली, दुसरीच प्रत उचलत होता. तेव्हापासून हा प्रश्न विचारल्याशिवाय मी कुठल्याही मॉड्यूलला हात लावत नाही.

दुसरं, ती ६० नावं. अंडरस्कोरने सुरू होणारी बाजूला ठेवा, ती लेखिकेची खासगी. उरलेल्यांपैकी बरीच तिने दुसरीकडून आणलेली असणार, कारण इम्पोर्ट केलेलं नावही ‘डिर’मध्ये दिसतं. प्रत्येक फंक्शन आणि क्लासला दुहेरी अंडरस्कोरमधलं ‘मॉड्यूल’ विचारा, ते जन्मस्थान सांगतं. जन्म बाहेरचा असेल तर नाव खोडा. ‘इन्स्पेक्ट’मधलं ‘गेटमेंबर्स’ वापरून हे तीन-चार ओळींत होतं. ६० मधली १५-२० उरली तर मला नवल वाटणार नाही.

तिसरं, दार शोधा. प्रत्येक मॉड्यूलला एखादी अशी जागा असते जिथून लेखिका स्वतः आत शिरायची. फाइलींच्या तळाशी ‘जर नाव मेन असेल तर’ हा तुकडा आहे का? जुन्या मॉड्यूलमध्ये त्याखाली बऱ्याचदा प्रयोगाच्या चार ओळी राहून गेलेल्या असतात. ‘टेस्ट’ने सुरू होणारी फाइल आहे का? पॅकेजची माहिती ठेवणाऱ्या पायप्रोजेक्ट टॉमल किंवा सेटअप फाइलीत कुठल्या फंक्शनपासून प्रोग्राम सुरू होतो ते नोंदवलंय का? आणि यातलं काहीच नसेल तर तिच्या जुन्या स्क्रिप्ट शोधा, ज्यांत तिने हे मॉड्यूल इम्पोर्ट केलं होतं. हरवलेलं एक्झाम्पल्स फोल्डर म्हणजे त्याच, फक्त विखुरलेल्या. मला विचाराल तर सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा अशी एक चालती स्क्रिप्ट भारी.

आता मुख्य गोष्ट, आणि हिच्यासाठीच तुमचं पत्र मी पहिलं घेतलं. एक वही घ्या. तीन रकाने आखा : काय दिलं, काय येईल असं वाटतं, काय आलं. मधला रकाना फंक्शन चालवण्याआधी भरायचा. नंतर भरलात तर वहीला रद्दीची किंमत. उत्तर समोर आल्यावर ‘हो, मला वाटलंच होतं’ असं म्हणायला मन फार चटकन तयार होतं.

हे मी कुठून शिकले तेही सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडेही तापमानाच्या नोंदी वाचणारं असंच अनाथ मॉड्यूल आलं होतं. मी चार दिवस ते ओळीओळीने वाचलं, कागदावर बाण काढले, भिंतीवर चिकटवले. सगळं समजलंय अशी माझी खात्री होती. पाचव्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सहज विचारलं, “नोंद आलीच नाही तर ते काय देतं?” मला सांगता येईना. चार दिवस वाचून हा प्रश्न मी त्याला विचारलाच नव्हता. चालवून पाहिलं तर दहा नोंदींची सरासरी आली उणे ७५.६ अंश. नऊ नोंदी २७ च्या होत्या, आणि दहावी, न आलेली, लेखकाने उणे ९९९ म्हणून भरली होती. मला अजूनही वाटतं की मी नशीबवान ठरले. त्याने ९९९ ऐवजी शून्य भरलं असतं तर सरासरी २४.३ आली असती, आणि कोणाच्या बापाला संशय आला नसता.

म्हणून तुमच्या वहीतला पहिला प्रश्न हाच असू द्या. नोंद नसेल तर काय? मग रिकामी फाइल दिली तर काय? एकच नोंद असेल तर?

तासाच्या सरासरीत आणखी एक काटा असतो, तो म्हणजे सीमा. बरोबर १० वाजताची नोंद ९ च्या तासात पडते की १० च्या? सोर्स वाचून हे शोधायचं तर छोटं-मोठं चिन्ह, बरोबरीचं चिन्ह, कुठला स्लाइस कुठे संपतो, यात डोकं भणभणतं. त्यापेक्षा हाताने पाच ओळींची फाइल बनवा. वेळा ठेवा ९:००, ९:३०, ९:५९:५९, १०:०० आणि १०:३०. किमती ठेवा १, १०, १००, १,००० आणि १०,०००. अशा किमती का, ते लगेच कळेल. ९ च्या तासाची सरासरी ३७ आली तर त्यात १, १० आणि १०० होते, म्हणजे १० ची नोंद पुढच्या तासात गेली. २७७.७५ आली तर १,००० सुद्धा आत शिरले, चार नोंदींचा तास झाला. ३७० आली तर ९ ची नोंद बाहेर आणि १० ची आत. प्रत्येक किंमत दहापट असल्यामुळे बेरजेत कोण कोण बसलंय ते आकडा बघूनच ओळखू येतं. २७, २८, २७, २६ अशा खऱ्याखुऱ्या किमती घेतल्या असत्या तर काही कळलं नसतं. आणि १०,००० ची नोंद कुठल्याच तासात सापडली नाही, तर मॉड्यूल ‘अशक्य’ किमती गुपचूप गाळतंय हेही फुकटात कळेल.

वेळेच्या वस्तूला ‘टीझेडइन्फो’ विचारायला विसरू नका. ‘नन’ (पायथनचं ‘काहीच नाही’) आलं तर त्या वेळेला कुठल्याही कालविभागाची जाणीव नाही, आणि नोंदी कुठल्या घड्याळाने घेतल्या हे तुम्हाला बाहेरून शोधावं लागेल.

एखादं फंक्शन काहीच परत करत नसेल, ‘नन’ देत असेल, तर बहुधा त्याने तुम्ही दिलेल्या वस्तूतच बदल केलाय. लिस्टचं ‘सॉर्ट’ असंच वागतं : स्वतः जागच्या जागी क्रम लावतं आणि हात रिकामे दाखवतं. मेथडच्या, म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या फंक्शनच्या, बाबतीत हे पकडायची माझी आवडती युक्ती ‘व्हार्स’. ते वस्तूतली नावं आणि त्यांच्या किमती दाखवतं. वस्तूचे ‘व्हार्स’ घ्या, ‘डिक्ट’मध्ये घालून प्रत करून ठेवा, मेथड चालवा, पुन्हा ‘व्हार्स’ घ्या, दोन्ही शेजारी ठेवा. कुठलं नाव नवं आलं, कुठल्याची किंमत बदलली, सगळं उघडं पडतं. प्रत न करता नुसतं नाव दिलंत तर दोन्हीकडे तोच डिक्शनरी राहील आणि फरक शून्य दिसेल. प्रत वरवरची आहे एवढं मात्र ध्यानात असू द्या. आतल्या लिस्टमध्ये भर पडली असेल तर ती दोन्हीकडे दिसेल, तिथे आतपर्यंत प्रत करणारी ‘डीपकॉपी’ लागते.

एवढं करूनही वहीतला मधला आणि शेवटचा रकाना जुळला नाही, तरच आत उतरा. जिथे उत्तर अनपेक्षित आलं त्या एकाच फंक्शनच्या सुरुवातीला ‘ब्रेकपॉइंट’ लिहा. ही सोय पायथन ३.७ पासून आहे. प्रोग्राम तिथे थांबेल. ‘डब्ल्यू’ दाबा, कोणी कोणाला बोलावत इथवर आलं ती साखळी दिसेल. ‘ए’ दाबा, फंक्शनला काय काय मिळालं ते दिसेल. ‘एन’ने एकेक ओळ पुढे जा, ‘यू’ने बोलावणाऱ्याकडे वर जा. मघाशी वर्णक्रमाने दिसणाऱ्या १४ फाइली आता तुमच्या नोंदीच्या वाटेने दिसतात. माझा अंदाज आहे की त्या वाटेवर चारच फाइली लागतील. बाकीच्या दहा नाही वाचल्यात तर काही बिघडत नाही.

आणि हो, ती सहकारी दुसरीकडे गेली आहे, परागंदा झालेली नाही. ‘तुझं मॉड्यूल समजत नाही’ असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही, कारण त्याला उत्तर नसतं. ‘१० वाजताची नोंद ९ च्या तासात पडते, हे मुद्दाम केलंस का?’ असं विचारलंत तर संध्याकाळपर्यंत येईल.

पॅकेज इन्स्टॉल झालं असं पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारी आज्ञा) सांगतं, आणि इम्पोर्ट केलं की पायथन म्हणतो असं मॉड्यूलच नाही. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. बाजारातलं नाव आणि घरातलं नाव वेगळं असतं. इन्स्टॉल करायचं ‘पिलो’, इम्पोर्ट करायचं ‘पीआयएल’. ‘पायवायएएमएल’चं ‘यामल’, ‘सायकिट-लर्न’चं ‘एसकेलर्न’, ‘ओपनसीव्ही-पायथन’चं ‘सीव्ही२’. नेट धुंडाळायची गरज नाही, काखेत कळसा आहे : ‘पिप शो’ला ‘-एफ’ जोडून पॅकेजचं नाव द्या, त्याने कुठल्या फाइली कुठे टाकल्या ती यादी येते. वरच्या पातळीवरचं फोल्डर हेच बहुधा इम्पोर्टचं नाव. तरीही जमत नसेल तर पिप एका पायथनचा आणि तुम्ही चालवताय दुसरा, असं असतं. ‘पायथन -एम पिप’ अशा रीतीने इन्स्टॉल केलंत तर ही ताटातूट होत नाही.

उलटाही प्रकार होतो. मॉड्यूल सापडतं, पण त्यात असायला हवं ते फंक्शन नसतं. अशा वेळी आपल्याच फोल्डरमध्ये ‘रँडम’ किंवा ‘ईमेल’ नावाची फाइल करून ठेवली आहे का ते बघा. स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे तिथे पायथन आधी शोधतो, आणि तुमची फाइल खऱ्या मॉड्यूलच्या पुढ्यात उभी राहते. हा घोळ मी स्वतः तीनदा घातलाय. तिसऱ्यांदा तर ‘टेस्ट’ नावाने.

एका क्लासच्या वस्तूवर ‘डिर’ लावलं, हवी ती मेथड यादीत नाही. पण जुन्या कोडमध्ये तीच मेथड बिनबोभाट चालते आहे. दुसऱ्या एका फंक्शनवर ‘हेल्प’ लावलं तर नाव ‘रॅपर’ आणि घ्यायच्या गोष्टींच्या जागी नुसते तारे. ‘डिर’ आणि ‘हेल्प’वर विश्वास ठेवायचा की नाही?

ठेवायचा, पण ते साक्षीदार आहेत हे विसरायचं नाही. जे दिसलं ते सांगतात.

पहिल्या प्रकारात क्लासने दुहेरी अंडरस्कोरवालं ‘गेटअ‍ॅट्र’ लिहिलेलं असणार. न सापडलेलं नाव मागितलं की पायथन ते बोलावतो, आणि ते जागच्या जागी काहीतरी बनवून देतं. जे मागितल्यावर बनतं ते यादीत कसं असेल? पायथनसोबतच येणाऱ्या ‘एक्सएमएल-आरपीसी क्लायंट’मधला ‘सर्व्हरप्रॉक्सी’ घ्या, तो दूरच्या सर्व्हरवरची फंक्शनं बोलावतो. त्याच्यावर ‘हॅजअ‍ॅट्र’ लावून ‘हे नाव तुझ्याकडे आहे का’ असं तोंडाला येईल ते नाव घेऊन विचारा, प्रत्येकाला ‘ट्रू’ म्हणतो. पलीकडचा सर्व्हर ते नाव ओळखतो की नाही हे त्याला बोलावल्याशिवाय माहीत नसतं. म्हणून तुमच्या वस्तूला एक मुद्दाम वेडगळ नाव विचारून पाहा. होकार आला तर समजा की यादी मॉड्यूलमध्ये नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे : सर्व्हरवर, डेटाबेसच्या रकान्यांत, एखाद्या कॉन्फिग फाइलीत. शोध तिकडे न्या.

दुसऱ्या प्रकारात फंक्शनवर डेकोरेटर (त्याला गुंडाळणारं दुसरं फंक्शन) चढवलाय आणि चढवणारा ‘फंकटूल्स’मधलं ‘रॅप्स’ लावायला विसरलाय. लावलं असतं तर नाव आणि डॉकस्ट्रिंग टिकले असते, आणि मूळ फंक्शन दुहेरी अंडरस्कोरमधल्या ‘रॅप्ड’ या नावाखाली मिळालं असतं. नसेल तर सोर्समध्ये त्या फंक्शनच्या डोक्यावर ‘अ‍ॅट’ चिन्हाची ओळ शोधा. मूळ फंक्शन तिच्या खालीच लिहिलेलं असतं.

आता हे सगळं कशाला? मी कोड एआयला देतो, तो दोन मिनिटांत समजावतो. तुमचा स्तंभ कालबाह्य होतोय असं नाही वाटत?

वाटतं ना. दर महिन्याला वाटतं.

मीही वापरते. लांबलचक फंक्शन चिकटवून ‘हे काय करतं ते सांग’ म्हटलं की बहुतेक वेळा उत्तर चांगलं येतं, कारण मजकूर त्याच्या समोर असतो. गडबड होते ती कोड न देता नुसतं मॉड्यूलचं नाव घेऊन विचारलं तेव्हा. कमी माहितीच्या मॉड्यूलबद्दल त्यानेही कमीच वाचलेलं असतं. मग तो असायला हवं असं फंक्शन सांगतो, नाव सुरेख, नेमकं, आणि नसलेलं. एक ‘हॅजअ‍ॅट्र’ लावायला पाच सेकंद लागतात, ते लावा. आणि त्याने सुचवलेलं अनोळखी पॅकेज डोळे झाकून इन्स्टॉल करू नका. यंत्रं जी खोटी नावं वारंवार सुचवतात ती आधीच नोंदवून त्यांत घातक कोड ठेवता येतो.

बाकी माझी एकच अट, तीच वहीची. मधला रकाना तुम्ही भरा. तो एआयने भरला तर चुकलेला अंदाज त्याचा असेल, आणि चुकलेल्या अंदाजातूनच तर मॉड्यूल कळतं.

मी पलीकडच्या बाजूचा आहे. माहितीपत्रक न लिहिणारा तो माणूस मीच. वेळ नसतो हो. किमान काय लिहिलं तर मागे राहिलेले शिव्या देणार नाहीत?

कबुलीबद्दल आभार. फंक्शनमागे तीन गोष्टी : काय घेतो, एककासह. काय देतो, एककासह. आणि काही नसेल तेव्हा काय देतो. तिसरी सगळे विसरतात, ती आधी लिहा.

मग डॉकस्ट्रिंगमध्ये एक चालतं उदाहरण टाका, पायथनच्या टर्मिनलमध्ये दिसतं तसं, तीन बाणांसकट. ‘पायथन -एम डॉकटेस्ट’ला फाइलीचं नाव दिलं की ते उदाहरण खरोखर चालवून उत्तर ताडून बघितलं जातं. सगळं जुळलं तर काहीच छापत नाही, दचकू नका. नुसतं गद्य लिहिलंत तर कोड बदलतो, गद्य तसंच राहतं, आणि मागून येणारा त्यावर विश्वास ठेवून तोंडावर आपटतो. न लिहिलेल्यापेक्षा खोटं पडलेलं माहितीपत्रक मला जास्त छळतं.

फंक्शनांची नावंही एकदा तपासा. ‘गेट’ने सुरू होणारं फंक्शन फाइल पुसून टाकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

‘गेटसोर्स’ एरर देतं. फोल्डरमध्ये पायथनची फाइलच नाही, आहे ती कंपाइल केलेली, नोटपॅडमध्ये उघडली तर चौकोन दिसतात. आता काय वाचू?

शेवट ‘डॉट एसओ’ किंवा ‘डॉट पीवायडी’ असेल तर आतला भाग बहुधा सी किंवा तत्सम भाषेत लिहिलाय. शेजारी ‘डॉट पीवायआय’ शेवटाची फाइल आहे का बघा. तिच्यात कोड नसतो, पण कुठलं फंक्शन कुठल्या प्रकारच्या गोष्टी घेतं आणि काय देतं ते नोंदवलेलं असतं. पॅकेज पिपने घेतलं असेल तर त्याचं सोर्स-पार्सलही उतरवून पाहा : ‘पिप डाउनलोड’ला ‘नो-बायनरी’चा पर्याय देऊन. इन्स्टॉल होणाऱ्या, आधीच बांधून तयार असलेल्या व्हील फाइलीतून टेस्ट बऱ्याचदा वगळलेल्या असतात, सोर्सच्या पार्सलमध्ये त्या सापडतात. टेस्ट सापडल्या की उदाहरणं सापडली. एक सावधगिरी : उतरवतानाही पिप त्या पॅकेजचा बांधणीचा कोड चालवू शकतो, तेव्हा पॅकेज भरवशाचं असेल तरच हे करा.

यातलं काहीच मिळालं नाही तर फंक्शनला मुद्दाम चुकीचं खाद्य द्या. काहीच न देता बोलवा, मग स्ट्रिंग द्या, मग लिस्ट. सीमध्ये लिहिलेली फंक्शनंही ‘टाइपएरर’ देताना किती गोष्टी हव्यात आणि कुठल्या प्रकारच्या, ते बऱ्याचदा सांगून टाकतात. फक्त हे वेगळ्या पायथनमध्ये करा, चालू कामाच्या नोटबुकमध्ये नको. कंपाइल केलेलं मॉड्यूल बिथरलं तर एरर न देता पायथनलाच घेऊन खाली बसतं, आणि सकाळपासून मेमरीत साठवलेलं सगळं त्याच्यासोबत जातं.